सहायक प्रशिक्षिकेचे मोल

उत्तर नागपुरातील जरीपटक्याचे नाव मराठी कानाला मराठेशाहीच्या निशाणाची आठवण करून देते. प्रत्यक्षात ही वस्ती मुख्यतः फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासित कुटुंबांनी वसविली. तेथे दयानंद आर्य कन्या महाविद्यालय आहे. अशा वस्तीतील एखाद्या मुलीने महाविद्यालयात बास्केटबॉल खेळावा आणि पदवीनंतर याच खेळाच्या प्रशिक्षणावर उपजीविका करण्याचे योजावे, तर तिच्यापुढे कोणता मार्ग असतो, हा प्रश्न क्रीडेइतकाच अर्थशास्त्राचाही आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत महाविद्यालयासाठी शारीरिक शिक्षण व क्रीडा संचालकाचे पद आहे. त्याचे प्रारंभिक मूळ वेतन सहायक प्राध्यापकाइतकेच, म्हणजे ५७,७०० रुपये. परंतु हा एकच अधिकारी कबड्डीपासून मैदानी स्पर्धांपर्यंत सर्व खेळांचा धनी! एकाच खेळाच्या, त्यातही मुलींच्या संघाच्या, सहायक प्रशिक्षिकेला या वेतनश्रेणीत स्थान नाही. तिच्या वाट्याला बहुधा मानधन येते, आणि तेही हंगामापुरते. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची प्रशिक्षण पदविका तिने मिळविली, तरी संचालकपदासाठी सामान्यतः शारीरिक शिक्षणातील पदव्युत्तर पदवी आणि राष्ट्रीय पात्रता परीक्षा यांचीच विचारणा होते.

वस्तुतः तिचे काम दुय्यम नव्हे. मुख्य प्रशिक्षक डाव आखतो. पण बास्केटखाली झेपावताना पाऊल कोठे पडावे, हे शंभर वेळा करवून घेणारी तीच. सामन्यात कोणाचे चार फाऊल झाले, प्रतिपक्षाची कोणती खेळाडू डाव्या हाताने चेंडू नेते, याची टिपणे तिच्याकडे. मुरगळलेला घोटाही तीच बांधते. याहून महत्त्वाचे म्हणजे बाहेरगावच्या स्पर्धेला मुलीला धाडावे की नाही, याचा निर्णय पुष्कळ घरांत सोबत कोण बाई आहे, यावरच होतो. ती नसेल तर बारा जणींचा संघ उभाच राहत नाही. जिच्यावाचून उत्पादन अशक्य, तिचाच मोबदला किरकोळ खर्चात मोडावा, हा हिशेब विचित्र म्हणावा लागेल.

अमेरिकेत पैसा आहे, म्हणून तेथे सारे आलबेल आहे असेही नाही. १९७४ मध्ये टेनेसी विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षण घेत सहायकाचे काम करण्यासाठी आलेल्या पॅट समिट यांच्यावर बाविसाव्या वर्षीच मुलींच्या संघाची संपूर्ण धुरा आली. वेतन महिना २५० डॉलर, आणि खेळाडूंचे कपडे धुणेही त्यांच्याकडेच. २०१२ मध्ये त्या निवृत्त झाल्या, तेव्हा त्यांच्या नावावर १,०९८ विजय होते. शिक्षणसंस्थांतील लिंगभेदास मनाई करणारा कायदा १९७२ मध्ये झाला, त्या वेळी तेथील महाविद्यालयांत मुलींच्या संघांचे दहापैकी नऊ प्रशिक्षक स्त्रिया होत्या. पुढे पैसा आला, त्यामागोमाग पुरुष आले आणि २०१४ पर्यंत स्त्रियांचे प्रमाण निम्म्याखाली गेले. पुरुष संघांच्या कनिष्ठ सहायकांची कथाही बोलकी आहे. १९९१ मध्ये तेथील महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने त्यांच्या मिळकतीवर वर्षाला १६,००० डॉलरची मर्यादा घातली. मालकांनी संगनमताने मजुरी दाबल्याचे इतके शुद्ध उदाहरण पाठ्यपुस्तकातही विरळाच. हे सहायक न्यायालयात गेले आणि १९९९ मध्ये संघटनेला ५ कोटी ४५ लाख डॉलर देऊन तडजोड करावी लागली.

आपल्याकडे दाबण्याजोगी मजुरीच ठरलेली नाही. न्यायालयात जायचे तरी कोणत्या आकड्यासाठी? प्रत्येक महाविद्यालयाने स्वतंत्र पद निर्माण करावे, ही मागणी अव्यवहार्य आहे. तथापि उत्तर नागपुरातील पाच महाविद्यालयांनी मिळून एक पूर्णवेळ प्रशिक्षिका नेमण्यास काय हरकत असावी? संचालकाचेच प्रारंभिक मूळ वेतन तिला दिले, तर भत्ते वगळता प्रत्येक महाविद्यालयाच्या वाट्याला महिना ११,५४० रुपये येतात. हा भार शासनाने उचलावा की संस्थांनी, यावर वाद होऊ शकेल. सकाळ-संध्याकाळचे सरावाचे वार कसे वाटून घ्यायचे, हे मात्र पाच क्रीडा संचालक एका बैठकीत ठरवू शकतात.