स्त्रीबीज मोजतात कसे?

वर्ध्याजवळच्या सावंगी (मेघे) येथील दत्ता मेघे अभिमत विद्यापीठात टेस्ट ट्यूब बेबी केंद्र आहे. अशा केंद्रांत सूक्ष्मदर्शकातून टिपलेल्या स्त्रीबीजांच्या मोजणीला सॉफ्टवेअरची जोड देता येते.

■ आकार : मानवी स्त्रीबीजाचा व्यास साधारण १०० ते १२० मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा सुमारे दहावा भाग.

■ प्रमाण : छायाचित्रातला एक पिक्सेल किती मायक्रोमीटरचा, हे आधी ठरवतात. त्यासाठी १ मिलिमीटरचे १०० भाग कोरलेली काचपट्टी त्याच भिंगाखाली टिपतात. भिंग बदलले की हे काम नव्याने करावे लागते.

■ मोजणी : सॉफ्टवेअर बीजाची कडा आखून व्यास, क्षेत्रफळ, गोलाई आणि बाहेरच्या पारदर्शक कवचाची जाडी काढते. ‘इमेजजे’ हे मोफत सॉफ्टवेअर यासाठी वापरता येते.

■ वर्गवारी : ठळक केंद्रक दिसले तर बीज अपक्व (जीव्ही). केंद्रक नाहीसे, पण पोलर बॉडी (पक्व होताना बीजातून सुटणारी छोटी पेशी) नाही, तर एम-१. कवचाच्या आत पोलर बॉडी दिसली, तर पक्व म्हणजे एम-२. ‘इक्सी’ उपचारात शुक्राणू एम-२ बीजातच सोडतात.

■ खबरदारी : पोलर बॉडी बीजाआड दडली, तर पक्व बीजही छायाचित्रात एम-१ भासते. म्हणून बीज फिरवून, वेगवेगळ्या फोकसवर पाहावे. एका उपचारचक्रात मोजकीच बीजे मिळतात; त्यामुळे अंतिम निर्णय भ्रूणतज्ज्ञानेच घ्यायला हवा.