गाभण घोडीबद्दलच्या समजुती आणि ट्विंक अॅलन यांचं संशोधन

शेळीला जुळी झाली की घरात आनंद असतो. घोडीचंही तसंच असेल असं वाटणं साहजिक आहे, पण घोडीच्या पोटी जुळी राहिली तर बहुतेक वेळा दोन्ही शिंगरं हातची जातात. घोडीची वार गर्भाशयाच्या जवळपास सगळ्या अस्तराला भिडून गर्भाला पोसते. ही जागा दोघांत वाटली गेली की एकाची उपासमार होते, तो मरतो आणि पुष्कळदा सातव्या-आठव्या महिन्यानंतर दोन्ही गर्भ पडतात. क्वचित जुळी जिवंत जन्मली तरी अशक्त निघतात. सोनोग्राफी येण्याआधी थरोब्रेड घोड्यांमधल्या गर्भपाताचं हे एक मोठं कारण होतं.

घोडीच्या गाभणपणातले असे गुंते ज्यांनी सोडवले, त्यांत विल्यम रिचर्ड अॅलन यांचं नाव फार वर आहे. घोड्यांच्या जगात त्यांना सगळे ‘ट्विंक’ म्हणत. जन्म न्यूझीलंडचा, पशुवैद्यकाची पदवी सिडनीची आणि संशोधनाचे धडे केंब्रिजला, रॉजर शॉर्ट यांच्या हाताखाली. पुढे न्यूमार्केटच्या इक्वाइन फर्टिलिटी युनिटचे ते प्रमुख झाले. 2021 मध्ये त्यांचं निधन झालं. रेसच्या शौकिनांना ते जॉकी फ्रँकी डेट्टोरीचे सासरे म्हणून ठाऊक असतील. माझ्या मते मात्र त्यांचं सर्वांत मोलाचं काम 1972 चं आहे, आणि त्यात त्यांनी खोडून काढलेली समजूत खुद्द शास्त्रज्ञांचीच होती.

गाभण घोडीच्या रक्तात एक जोरकस संप्रेरक असतं, हे 1930 मध्ये कॅलिफोर्नियात कोल आणि हार्ट यांना आढळलं होतं. त्याचं नाव पीएमएसजी. ते गर्भाशयातल्या ‘एंडोमेट्रियल कप्स’मध्ये तयार होतं, हेही पुढे कळलं. गर्भाशयाच्या शिंगाच्या बुडाशी गोलाकार ओळीत उठलेले हे फिकट उंचवटे. मधोमध खोलगट आणि त्या खळग्यात मधासारखा चिकट स्राव साचलेला. ते घोडीच्याच अस्तराचे बनलेले आहेत, असं अनेक वर्षं मानलं जाई. अॅलन आणि त्यांचे सहकारी मूर यांनी गर्भाच्या आवरणाभोवती तयार होणाऱ्या पेशींच्या एका पट्ट्याकडे लक्ष वळवलं. 36 ते 38 व्या दिवसाच्या सुमारास या पट्ट्यातल्या पेशी सुटतात आणि घोडीच्या अस्तरात घुसतात. याच पेशी वेगळ्या काढून प्रयोगशाळेत वाढवल्या, तर तिथेही त्या पीएमएसजी स्रवू लागल्या. कप्स आईचे नव्हतेच, ते गर्भाचे होते! घोडीच्या शरीराला हे परकेपण कळतं. तिच्या पांढऱ्या पेशी कप्सना वेढा घालतात आणि साधारण चौथ्या महिन्यापर्यंत त्यांचा फडशा पाडतात. गर्भाला मात्र धक्का लागत नाही. निसर्गातली इतकी विलक्षण तडजोड मी तरी दुसरी वाचलेली नाही.

घोडी पाळणाऱ्याच्या दृष्टीने या शोधाला फार महत्त्व आहे. रक्ताच्या तपासणीत पीएमएसजी सापडलं म्हणजे शिंगरू सुखरूप आहे, ही समजूत चुकीची आहे. कप्स एकदा रुजले की गर्भ मेला तरी ते स्रवतच राहतात आणि तपासणी घोडी गाभण असल्याचंच सांगते. वर कप्स टिकून आहेत तोवर घोडी पुन्हा नीट माजावर येत नाही. अशा घोडीचा तो हंगाम वायाच गेला म्हणायचा. म्हणून जुळ्यांचा निकाल 35 व्या दिवसाच्या आत लावावा लागतो.

त्याची उत्तम वेळ आणखी आधीची आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाचे ऑलिव्हर गिंथर यांनी सोनोग्राफीच्या साहाय्याने दाखवलं, की घोडीचा गर्भ साधारण 16 व्या दिवसापर्यंत एका जागी थांबतच नाही. तो गर्भाशयाच्या दोन्ही शिंगांत फिरत राहतो आणि मग स्थिरावतो. तो फिरता असतानाच दोन गर्भ दिसले, तर डॉक्टर त्यातला एक वेगळा करून हाताने दाबून फोडतात. दुसरा सहसा टिकतो.

शिंगराचा आकार वळूवर जातो, असंही अनेकांना वाटतं. वॉल्टन आणि हॅमंड यांनी 1938 मध्ये महाकाय शायर आणि चिमुकल्या शेटलंड घोड्यांचा दोन्ही बाजूंनी संकर केला. शायर आईची शिंगरं जन्मतः मोठी निघाली, शेटलंड आईची लहान. अॅलन यांनी पुढे थरोब्रेडचा गर्भ पोनीच्या पोटात वाढवला. वारेला जागा कमी पडली आणि शिंगरू खुरटं जन्मलं. म्हणजे जन्माच्या वेळचा आकार बराचसा गर्भाशय ठरवतं.

रंग, जात आणि वंश मात्र परक्या पोटी वाढल्याने बदलत नाही. केंब्रिजच्या गटाने झेब्र्याचे आणि प्रझेवाल्स्की या रानटी घोड्याचे गर्भ पाळीव घोड्यांच्या पोटी वाढवले. जन्मले ते अस्सल झेब्रे आणि रानघोडेच. हे प्रत्येक जोडीत जमतं असं नाही. घोडीच्या पोटात गाढवाचा गर्भ ठेवला तर कप्स तयारच होत नाहीत, आणि बहुतेक गर्भ तिसऱ्या महिन्याच्या सुमारास पडतात. गर्भ फार नाजूक असतो, प्रवास त्याला सोसत नाही, हाही समज 1976 च्या एका प्रयोगाने मोडला. अॅलन आणि सहकाऱ्यांनी घोड्याचे गर्भ जिवंत सशाच्या बीजवाहिनीत ठेवून केंब्रिजहून थेट पोलंडमधल्या क्राकोव्हला नेले, आणि तिथल्या घोड्यांत ते रुजले.

भारतात गर्भ प्रत्यारोपणातून पहिलं शिंगरू 2023 मध्ये बिकानेरच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राच्या शाखेत जन्मलं. ते मारवाडी जातीचं असून त्याचं नाव ‘राज-प्रथम’ ठेवलं. पुण्याच्या आसपासच्या स्टड फार्मवर जन्मणाऱ्या रेसच्या थरोब्रेड घोड्यांना मात्र ही वाट बंद आहे. त्यांच्या वंशनोंदीत कृत्रिम रेतन, गर्भ प्रत्यारोपण किंवा क्लोन चालत नाही. घोडी प्रत्यक्ष वळूकडूनच फळवावी लागते.

घोडी कोणत्याही जातीची असो, सारंगखेड्याच्या बाजारातून आणलेली असो की स्टडवरची, ती फळवली असेल तर 14 ते 16 व्या दिवशी सोनोग्राफी करून घ्या. दुसरी 28 ते 30 व्या दिवसाच्या सुमारास करा. तेव्हा गर्भाच्या हृदयाचे ठोके दिसतात आणि काही बिघडलं असेल तर सावरायला वेळ हाती असतो.