नव्या वहीची पहिली नोंद

आश्विन अमावास्येच्या उत्तररात्री पावापुरी येथे भगवान महावीरांचे निर्वाण झाले आणि दुसऱ्या दिवशी, कार्तिक शुक्ल प्रतिपदेला, वीर निर्वाण संवताचे नवे वर्ष सुरू झाले. इसवी सन पूर्व ५२७ पासून चालत आलेली ही कालगणना आपल्या देशातील अतिशय प्राचीन गणनांपैकी एक आहे. नववर्षाच्या या पहाटेला आणखी एक संदर्भ आहे. भगवंतांचे पट्टशिष्य गौतमस्वामी यांना याच वेळी केवलज्ञान प्राप्त झाले, असे परंपरा सांगते. ज्या गुरूंवर त्यांचे निरतिशय प्रेम होते, त्यांच्या वियोगाचा आघात त्यांना सोसावा लागला आणि त्या आघातातूनच रागभावाचा शेवटचा धागा तुटला. आपले नवे वर्ष असे एका वियोगातून उगवले आहे, हे मिठाईच्या ताटांत आणि शुभेच्छांच्या गजबजाटात सहसा आपल्या लक्षात राहत नाही.

आपल्या व्यापारी घरांत या दिवसांत वहीपूजन होते. लाल कापडी पुठ्ठ्याच्या नव्या वहीवर कुंकवाचा स्वस्तिक काढला जातो, ‘श्री’ची चढती उतरंड लिहिली जाते. श्वेतांबर घरांत पहिल्या पानावर गौतमस्वामींची लब्धी, शालिभद्राची ऋद्धी, अभयकुमाराची बुद्धी, बाहुबलीचे बळ आणि कयवन्ना शेठचे सौभाग्य लाभो, अशी मागणी लिहिण्याचा प्रघात आहे. हिशेब आता संगणकावर गेले, तरी पूजेपुरती एक वही पुष्कळ घरांत अजून आणली जाते. पूजा झाली की ती वही कपाटात जाते आणि पुढच्या दिवाळीपर्यंत कोरीच राहते.

या कोऱ्या पानांचा उपयोग काय करावा, हा या लेखाचा विषय आहे. मागण्या लिहून झाल्यावर त्याच वहीत तीन नोंदी करता येतील: आपल्यावर कोणाचे देणे आहे, आपले वर्तन कसे झाले, आणि आपल्या अंतःकरणाला खरी ओढ कशाची आहे. या तिन्ही नोंदी सुमारे ३८० वर्षांपूर्वी एका जैन व्यापाऱ्याने केल्या होत्या. त्याचे नाव बनारसीदास.

चौदा रुपयांची उधारी

बनारसीदासांचा जन्म १५८६ मध्ये जौनपूर येथे एका श्रीमाळ जैन कुटुंबात झाला. वडील खरगसेन जवाहिरांचा व्यापार करीत. एकुलता एक मुलगा व्यापारात तरबेज व्हावा, या अपेक्षेने त्यांनी त्याच्या स्वाधीन रत्ने, तूप, तेल आणि कापड करून त्याला आग्र्यास पाठवले. तेथे या तरुणाचा व्यापार पुरता बसला. काही रत्ने निष्काळजीपणाने हरवली, मालाला भाव आला नाही, आणि अखेरीस घरातील वस्तू विकून खाण्याची वेळ आली. बाजारात जाण्याचे प्रयोजनच उरले नाही.

या काळात रात्री ते घरी ‘मधुमालती’ आणि ‘मृगावती’ ही प्रेमाख्याने गाऊन वाचत. दहा-वीस श्रोते जमत. त्यांत एक कचोरीवाला होता. बनारसीदास रोज त्याच्याकडून उधारीवर कचोऱ्या घेत आणि त्यावरच दिवस काढीत. एके दिवशी त्यांनी त्याला एकांतात गाठून आपली खरी स्थिती सांगितली: जवळ काही नाही, पुढेही पैसे मिळतील याची खात्री नाही, तेव्हा उधारी थांबवलेली बरी. कचोरीवाल्याने उत्तर दिले की वीस रुपयांपर्यंत खुशाल खावे, कोणी काही म्हणणार नाही. असे सहा-सात महिने गेले. पुढे दिवस पालटले, तेव्हा बनारसीदासांनी हिशेब करून सगळी उधारी फेडली. ती भरली चौदा रुपये.

त्या कचोरीवाल्याचे नाव आपल्याला ठाऊक नाही. परंतु आपल्या आयुष्याची कथा लिहिताना वयाच्या पंचावन्नाव्या वर्षीही बनारसीदासांना तो आठवला, त्याचे शब्द आठवले, उधारीची रक्कम आठवली. कृतज्ञता म्हणतात ती हीच. मोघम ‘सर्वांचे आभार’ मानणे सोपे असते. अमक्याने, अमक्या वेळी, अमुक इतके केले, ही नेमकी नोंद ठेवणे अवघड असते. व्यापाऱ्याला तर ही नेमकेपणाची सवय जन्मजात असते, मात्र ती येण्याच्या बाजूलाच अधिक चालते.

आपल्या प्रत्येक पेढीच्या उभारणीत असा एखादा कचोरीवाला असतोच. आजोबा मारवाडातून किंवा गुजरातेतून अहमदनगर, जालना, बार्शी, सोलापूर अशा एखाद्या गावी आले, तेव्हा जामिनाशिवाय पहिला माल कोणी दिला? दुष्काळाच्या वर्षी वसुली थांबली असता तगादा न लावता कोण थांबले? तीस-तीस वर्षे दुकानाच्या किल्ल्या सांभाळणारे मुनीम, पाठीवर पोती वाहून ज्यांचे खांदे झिजले ते हमाल, आणि रात्री अकरा वाजता येणाऱ्या गिऱ्हाइकाच्या गावच्या पाहुण्यालाही ताट वाढणारी घरची लक्ष्मी, यांची नावे कोणत्या खात्यावर आहेत? एकमेकांवर उपकार करणे हा जीवांचा धर्मच आहे, असे तत्त्वार्थसूत्र सांगते. समाजाच्या बोधचिन्हाखाली आपण ते वचन अभिमानाने छापतो. मग आपल्या वाट्याला आलेल्या उपकारांची एक यादी तरी आपल्या घरात असावयास हवी.

यादी झाली की तिच्यातील एक तरी देणे प्रत्यक्ष फेडावे. निवृत्त मुनिमांच्या घरी मुलांना घेऊन जावे. ज्यांच्या उधारीवर पेढी उभी राहिली, त्यांच्या नातवंडांना आवर्जून भेटावे. बनारसीदासांनी चौदा रुपये स्मरणात ठेवले, परंतु त्याआधी ते चुकते केले होते, हा क्रम विसरू नये.

आपलाच जमाखर्च

दुसरी नोंद आत्मपरीक्षणाची. जैन परंपरेला ही गोष्ट नवीन नाही. दैवसिक, रात्रिक, पाक्षिक, चातुर्मासिक आणि सांवत्सरिक अशी प्रतिक्रमणाची व्यवस्था आपल्या पूर्वाचार्यांनी लावून दिली आहे. तथापि पाठ मुखोद्गत असला की मन त्यातून अलगद निसटते. संवत्सरीला शेकडो भ्रमणध्वनींवर एकच क्षमापनेचा संदेश जातो आणि ज्याची क्षमा खरोखर मागावयाची असते, तो सख्खा भाऊच त्या यादीत नसतो.

म्हणून नववर्षाच्या निमित्ताने श्रावकाच्या व्रतांचे अतिचार एकदा व्यापाऱ्याच्या दृष्टीने वाचावेत. ते वाचताना आचार्य उमास्वातींनी बाजारपेठेत बसूनच ही यादी केली असावी, असे वाटू लागते. अचौर्य व्रताच्या अतिचारांत चोरीचा माल घेणे, राज्याच्या नियमांचे उल्लंघन करून व्यवहार करणे, मापे-वजने कमी-अधिक ठेवणे आणि भेसळ करणे यांचा स्पष्ट निर्देश आहे. सत्यव्रताच्या अतिचारांत खोटे दस्तऐवज करणे आणि दुसऱ्याची ठेव दडपणे येते. अहिंसाव्रताच्या अतिचारांत तर शक्तीपेक्षा अधिक भार लादणे आणि अन्नपाणी अडवून धरणे हेही हिंसेतच गणले आहे.

हे शब्द बैलांच्या आणि बांधलेल्या जनावरांच्या संदर्भात म्हटले गेले असतील, पण आपल्या गोदामात त्यांचा अर्थ संपत नाही. दिवाळीच्या गर्दीत दुकानातील मुलाला दुपारचे जेवण चार वाजता मिळाले असेल, तर तो अन्नाचा निरोध नव्हे काय? एका माणसावर दोघांचे काम टाकले असेल, तर तो अतिभार नव्हे काय? कंदमुळे वर्ज्य करण्यात आपण जितके दक्ष असतो, तितके या प्रश्नांच्या बाबतीत असतो का, याचे उत्तर ज्याने त्याने आपल्यापाशीच द्यावयाचे आहे.

बनारसीदासांनी हे उत्तर उघडपणे दिले. १६४१ मध्ये त्यांनी व्रजभाषामिश्रित हिंदीत ६७५ पद्यांचे आत्मचरित्र लिहिले. मनुष्याचे पूर्ण आयुष्य ११० वर्षांचे मानून त्यांनी पंचावन्नाव्या वर्षी लिहिलेल्या या कथेला ‘अर्धकथानक’ असे नाव दिले. भारतीय भाषांतील अगदी आरंभीच्या आत्मचरित्रांत त्याची गणना होते. या ग्रंथाच्या शेवटी त्यांनी आपले गुण आणि आपले दोष क्रमाने मांडले आहेत. काव्याची आवड, गोड वाणी, भाषांचे ज्ञान आणि सहनशीलता हे गुण. धनाचा मोठा लोभ, संपत्ती गेली की होणारे दुःख, जपतपाचा अभाव, थट्टेची खोड, एकाएकी दाटून येणारे भय हे दोष. एकान्तात असताना आपण कधी कधी नाचतो, हेसुद्धा त्यांनी लपवले नाही.

या प्रामाणिकपणाची किंमत कळण्यासाठी त्यांचे दुःख ध्यानात घ्यावे लागते. त्यांचे तीन विवाह झाले. सात मुलगे आणि दोन मुली झाल्या. नऊपैकी एकही अपत्य जगले नाही. पानगळीनंतर उभ्या असलेल्या झाडासारखे पती-पत्नी दोघेच मागे उरले. अशा माणसाने कोणावर दोषारोप केला असता, तरी आपण तो समजून घेतला असता. त्याने वही उघडली आणि स्वतःचाच हिशेब लिहिला.

पोट भरल्यानंतरची भूक

तिसरी नोंद आपल्या ओढीची, आपल्या छंदाची. आपल्या समाजात या शब्दाकडे थोडे संशयानेच पाहिले जाते. ‘छंदाने घर चालत नाही’ हे वाक्य बहुतेक घरांत ऐकू येते आणि ते खोटेही नाही. बनारसीदासांनाही वडीलधाऱ्यांनी बजावले होते की फार शिकणे ब्राह्मण-भाटांचे काम, वाण्याच्या मुलाने बाजारात बसावे.

तरीही त्यांनी काव्य सोडले नाही. मात्र त्या ओढीला त्यांनी वळण दिले. तरुणपणी त्यांनी शृंगाररसप्रधान अशी सुमारे हजार पद्ये रचली होती. पुढे वृत्ती पालटली, तेव्हा मित्रांसमक्ष त्यांनी ते हस्तलिखित गोमती नदीच्या पात्रात टाकून दिले. पुढे आग्र्यातील अध्यात्मप्रेमी मंडळींच्या सहवासात त्यांनी आचार्य कुंदकुंदांच्या ‘समयसारा’वर आधारित ‘नाटक समयसार’ १६३६ मध्ये पूर्ण केले. आज त्यांच्या व्यापारातील नफ्या-तोट्याला काही मोल उरलेले नाही. ‘नाटक समयसार’ मात्र अजून स्वाध्यायात वाचले जाते.

व्यापार आणि अंतरीची ओढ एकत्र नांदू शकतात, याची उदाहरणे आपल्या अलीकडच्या इतिहासातही आहेत. श्रीमद् राजचंद्र मुंबईत हिरे-मोत्यांचा व्यवहार करीत. १८९१ मध्ये त्यांना भेटलेल्या गांधीजींनी नोंदवले आहे की त्यांच्या बैठकीवर एखादे धर्मपुस्तक आणि रोजनिशी सदैव असे, आणि सौदा आटोपला की ते लगेच त्यांपैकी एक उघडीत. सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांनी व्यापार सांभाळून १८८४ मध्ये ‘जैन बोधक’ हे मराठी नियतकालिक सुरू केले. आणि ‘अर्धकथानक’ आधुनिक वाचकांपर्यंत पोहोचले, तेही नाथूराम प्रेमी यांच्यामुळे. मुंबईत पुस्तकविक्री आणि प्रकाशन हाच त्यांचा चरितार्थ होता. त्यांनी १९४३ मध्ये या ग्रंथाची संपादित आवृत्ती प्रसिद्ध केली. तीनशे वर्षांपूर्वीच्या एका व्यापाऱ्याची वही दुसऱ्या व्यापाऱ्याने उजेडात आणली, ही घटनाच पुरेशी बोलकी आहे.

या नोंदीची निकड आज अधिक आहे. अनेक पेढ्यांवर पुढची पिढी बसावयास तयार नाही. मुले पुण्या-बंगळूरला नोकरीसाठी किंवा परदेशी गेली आहेत. साठी ओलांडलेले गृहस्थ दुकान बंद करतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता कोठे जावे, हे त्यांना उमगत नाही. चाळीस वर्षे ज्याने गिऱ्हाईक सोडून दुसऱ्या कशाचा विचार केला नाही, त्याला मोकळा वेळ शिक्षेसारखा वाटतो. घरातील स्त्रियांची कथा तर वेगळीच. विवाहापूर्वी कोणी गात होती, कोणी चित्रे काढीत होती. आता ते विचारले तर ‘कधीकाळी’ असे उत्तर मिळते. ओढ मारून टाकणे म्हणजे अपरिग्रह नव्हे. ती निर्मळ करून जोपासणे हा स्वाध्यायाचाच एक मार्ग आहे.

लाभ आणि ज्ञान

नववर्षानंतर चारच दिवसांनी कार्तिक शुक्ल पंचमी येते. व्यापारी तिला लाभपंचमी म्हणतात आणि त्या दिवशी पेढ्या पुन्हा उघडतात. श्वेतांबर परंपरेत हीच तिथी ज्ञानपंचमी असून तेव्हा ग्रंथांचे पूजन होते आणि ज्ञानभांडारांतील पोथ्यांची देखभाल केली जाते. लाभ आणि ज्ञान यांना आपल्या पूर्वजांनी एकाच तिथीवर बसवले आहे. त्यांना ही दोन खाती वेगळी वाटली नसावीत.

तेव्हा प्रतिपदेपासून पंचमीपर्यंतचे हे पाच दिवस या तीन नोंदींसाठी पुरेसे आहेत. पहिल्या पानावर देण्यांची नावे लिहावीत आणि पंचमीपूर्वी त्यांतील एकाच्या दारी जाऊन यावे. दुसऱ्या पानावर अतिचारांपैकी जो आपल्या धंद्याला सर्वांत जवळचा असेल, तो एकच लिहावा आणि वर्षभर त्यावर लक्ष ठेवावे. तिसऱ्या पानावर घरातील प्रत्येकाने आपली ओढ स्वतःच्या हाताने लिहावी आणि तिच्यासाठी दिवसातील अर्धा तास राखून ठेवावा. सुनेने लिहिलेली ओळ सासऱ्यांनी वाचावी आणि आजोबांनी लिहिलेली नातवाने.

ही वही आयकर खात्याला दाखवावी लागत नाही आणि तिचा ताळेबंद कोणी तपासणारही नाही. म्हणूनच ती खरी लिहिता येते. बनारसीदासांनी उरलेली अर्धी कथा पुढे लिहावयाची ठेवली होती. परंतु १६४३ च्या सुमारास त्यांचे देहावसान झाले आणि ती तशीच राहिली. आपल्या वहीची पुढची पाने किती आहेत, हे आपल्यालाही ठाऊक नाही. आज पहिले पान समोर आहे, एवढे खरे.

सर्व वाचकांना वीर निर्वाण संवताच्या नववर्षाच्या मंगल शुभेच्छा. जय जिनेंद्र.