विश्लेषण : फोटो स्टुडिओने काढला, चेहरा मॉडेलचा, पैसे कंपनीचे… मग हक्क कोणाचा?

मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे एक याचिका आली. राज्यातील एका महिलेची तक्रार अशी, की ओळखीच्या छायाचित्रकाराने तिचा फोटो काढला आणि तिची संमती न घेता तो छायाचित्रे विकणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय संकेतस्थळावर टाकला. तिथून तो केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयासह महाराष्ट्र, तेलंगणा, कर्नाटक आणि ओडिशा सरकारांच्या जाहिरातींत झळकला. न्यायालयाने या प्रकाराची गंभीर दखल घेत संबंधितांकडून उत्तर मागितले. फोटो काढणारा एक, फोटोत दिसणारी दुसरी आणि तो वापरणारे तिसरेच. माणसांचे आणि मॉडेल्सचे व्यावसायिक फोटो काढणाऱ्या प्रत्येक स्टुडिओत रोज हेच तिघे एकत्र येतात. त्यांच्यातला व्यवहार बहुतेक वेळा तोंडी किंवा व्हॉट्सॲपवर ठरतो. सगळे तिथेच बिनसते.

स्टुडिओ नेमके विकतो काय?

बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, स्टुडिओ म्हणजे कॅमेरा, फ्लॅश, मागची पांढरी गोलाकार भिंत आणि एसी. हे सगळे दिवसाच्या भाड्याने मिळते. मुंबईत अंधेरी-गोरेगाव पट्ट्यात तर स्वतःचे काही नसलेला छायाचित्रकारही सकाळी जागा, दिवे आणि सहायक भाड्याने घेऊन संध्याकाळपर्यंत काम उरकू शकतो. लग्नाच्या फोटोंत ग्राहक अल्बम विकत घेतो आणि व्यवहार संपतो. व्यावसायिक फोटोग्राफीत तसे नसते. इथे कंपनी फोटो वापरण्याची परवानगी विकत घेते. फोटो कुठे लागणार, किती काळ आणि कोणत्या प्रदेशात, यावर किंमत ठरते. संकेतस्थळावरच्या कॅटलॉगचा दर वेगळा आणि द्रुतगती मार्गावरच्या होर्डिंगचा वेगळा. केसांच्या तेलाच्या जाहिरातीत झळकलेल्या मॉडेलला पुढचे वर्षभर दुसऱ्या तेलाचे काम घेता येणार नसेल, तर त्या बंधनाचेही वेगळे पैसे लागतात.

समजा, येवल्यातील एका पैठणी विक्रेत्याने पुण्यातील स्टुडिओला वीस साड्यांचे फोटो काढायला सांगितले. बोलणे झाले ते ‘ऑनलाइन दुकानासाठी’. फोटो छान आले. दिवाळीत त्यातलाच एक नाशिकच्या चौकात वीस फुटी फलकावर लागला आणि तो पाहून मॉडेलने स्टुडिओला फोन केला. दुकानदार म्हणतो, पूर्ण पैसे मोजले आहेत, फोटो माझे. मॉडेल म्हणते, होर्डिंगचे बोलणेच झाले नव्हते. कोटेशनमध्ये ‘वापर’ या शीर्षकाखाली दोन ओळी असत्या तर हा फोन आलाच नसता. अनुभवी स्टुडिओ म्हणूनच छायाचित्रणाचे शुल्क आणि वापराचे शुल्क बिलात वेगवेगळे दाखवतात. मुदत संपल्यावर नूतनीकरणाचे पैसे मागायचे तर पहिल्या बिलात मुदत लिहिलेली असावी लागते.

मॉडेलचे संमतिपत्र इतके महत्त्वाचे का?

या पत्राला धंद्यात ‘मॉडेल रिलीज’ म्हणतात. स्वतःचा चेहरा कशासाठी वापरायला परवानगी आहे, हे मॉडेल त्यात लिहून देते. भारतात यासाठी स्वतंत्र कायदा नाही, पण न्यायालयांची भूमिका स्पष्ट होत गेली आहे. १९९४ च्या आर. राजगोपाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की एखाद्याचे नाव किंवा छबी संमतीविना जाहिरातीसाठी वापरणे हा त्याच्या खासगीपणाचा भंग आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे २०१७ मध्ये पुट्टस्वामी निकालाने शिक्कामोर्तब केले.

पण स्टुडिओचालकांनी वाचावा असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाचा आहे, मार्च २०२१ चा. एका मॉडेलने २०१७ मध्ये पोर्टफोलिओसाठी काढून घेतलेला आणि स्वतःच्या इन्स्टाग्रामवर टाकलेला फोटो ‘व्ही’ या तेलुगू चित्रपटात देहविक्रय करणाऱ्या स्त्रीचा म्हणून दाखवण्यात आला होता. फोटो एका एजन्सीकडून मिळाला, असे निर्मात्यांचे म्हणणे. न्यायालयाने ते ऐकले नाही. तो भाग पूर्ण काढून टाकेपर्यंत चित्रपट ओटीटीवरून उतरवण्याचा आदेश झाला, नुसते चेहरा पुसट करणेही मान्य झाले नाही. इन्स्टाग्रामवर फोटो सर्वांना दिसतो म्हणजे तो कोणीही उचलावा, असा अर्थ होत नाही. आणि मधल्या एजन्सीकडे बोट दाखवून वापरणाऱ्याची सुटका होत नाही.

संमतिपत्रात मुदत किती गरजेची, हे अमेरिकेतल्या एका खटल्यात दिसले. रसेल क्रिस्टॉफ नावाच्या मॉडेलने १९८६ मध्ये नेस्लेसाठी २५० डॉलरवर फोटो काढून घेतला आणि तो विसरून गेला. पुढे मॉडेलिंग सोडून तो बालवाडीत शिकवू लागला. २००२ मध्ये दुकानातल्या कॉफीच्या बरणीवर त्याला स्वतःचाच चेहरा दिसला. ज्युरीने २००५ मध्ये त्याला १ कोटी ५६ लाख डॉलर देण्याचा निकाल दिला. वरच्या न्यायालयात तो टिकला नाही, खटला रेंगाळला. तरी जुन्या कपाटातला एक फोटो कंपनीला किती वर्षे कोर्टात फिरवू शकतो, हे जगाने पाहिले.

कॉपीराइट छायाचित्रकाराचाच असतो ना?

बहुतेक नवोदित छायाचित्रकारांचा हाच समज असतो आणि व्यावसायिक कामाच्या बाबतीत तो चुकीचा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटो काढणारी व्यक्ती ही त्याची ‘कर्ता’ असते. मात्र कलम १७ म्हणते, की कोणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन फोटो काढला असेल आणि वेगळा करार नसेल, तर त्याचा पहिला मालक काम देणारा ठरतो. म्हणजे करार केलाच नाही तर पैठणीचे सगळे फोटो दुकानदाराचे. वर स्टुडिओला अपेक्षित असलेले ‘मर्यादित वापर’ हे गणितच कोसळते, कारण मालकाला मर्यादा कोण घालणार? स्टुडिओत पगारावर असलेल्या छायाचित्रकाराने नोकरीचा भाग म्हणून काढलेल्या फोटोंचा मालक, वेगळा करार नसेल तर, स्टुडिओच असतो.

यातून एक गमतीशीर स्थिती निर्माण होते. मॉडेलने पैसे देऊन पोर्टफोलिओ काढून घेतला असेल तर, उलट करार नसल्यास, कॉपीराइट मॉडेलचा. तो फोटो छायाचित्रकाराने परस्पर एखाद्या कंपनीला विकला तर चेहराही तिचा आणि मालकीही तिचीच, अशी दुहेरी अडचण होते. दोघांनीही पैसे न घेता एकमेकांच्या कामासाठी केलेल्या शूटमध्ये तर वादाला भरपूर जागा राहते. नव्या मुला-मुलींच्या कामाची सुरुवात बहुधा अशाच शूटने होते आणि कागद नेमका तिथेच नसतो.

करार करताना आणखी काही गोष्टी छायाचित्रकाराच्या बाजूच्या आहेत. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी आणि सहीनिशीच द्यावे लागतात. कागदावर मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. परदेशात शाखा असलेल्या ब्रँडच्या वकिलाला हे ठाऊक असते, म्हणून त्याच्या मसुद्यात ‘संपूर्ण जग’ आणि ‘कायमस्वरूपी’ हे शब्द हटकून सापडतात. सही करण्याआधी स्टुडिओने आधी तेच शोधावेत. हक्क विकले तरी कर्ता म्हणून श्रेय मिळण्याचा आणि प्रतिमेला बाधा आणणाऱ्या विद्रूपीकरणाला हरकत घेण्याचा अधिकार कलम ५७ नुसार छायाचित्रकाराकडे राहतो.

काम चांगले असूनही स्टुडिओ बंद का पडतात?

पैसा हाती यायला लागणारा वेळ हे मोठे कारण. शूटच्या दिवशी मेकअप आर्टिस्ट, केशभूषाकार, स्टायलिस्ट, इस्त्रीवाला, सहायक, दिव्यांचे भाडे, जेवण हे सगळे रोख किंवा त्याच आठवड्यात द्यावे लागते. मॉडेलचे पैसे को-ऑर्डिनेटर मागत असतो. कंपनीचे पैसे मात्र एजन्सीमार्गे महिना-दोन महिन्यांनी, कधी त्याहूनही उशिरा येतात. त्यात १८ टक्के जीएसटीचा भार. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर गेली की नोंदणी बंधनकारक होते आणि बिल काढले की कर भरावा लागतो. ग्राहकाने पैसे दिलेत की नाहीत, याच्याशी त्याचा संबंध नाही. न मिळालेल्या पैशांवरचा कर स्टुडिओ स्वतःच्या खिशातून भरतो.

यावर एक उपाय आहे, पण तो अनेकांना माहीत नाही. स्टुडिओची ‘उद्यम’ पोर्टलवर सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदणी असेल तर २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार खरेदीदाराला लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. तक्रारीसाठी ‘समाधान’ पोर्टल आहे. १ एप्रिल २०२४ पासून तर आयकरातही चिमटा बसला. या मुदतीत पैसे न दिलेल्या खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजा दाखवता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच दाखवता येतो. ही नोंदणी पहिले काम घेण्याआधी केलेली बरी, थकबाकी झाल्यावर केलेल्या नोंदणीवरून वाद झाले आहेत. अर्थात मोठ्या ग्राहकाविरुद्ध तक्रार करून पुढचे काम गमावण्याची भीती कोणताही कायदा घालवू शकत नाही. म्हणूनच जुने लोक निम्मी रक्कम आगाऊ आल्याशिवाय स्टुडिओची तारीख पक्की करत नाहीत आणि उरलेली मिळेपर्यंत मूळ आकाराच्या फाइल हातावेगळ्या करत नाहीत.

शूटच्या दिवशी जबाबदारी कोणाची?

कपडे बदलायला आतून कडी लागणारी खोली, आपल्या माणसाला सोबत आणण्याची मुभा, कोणते कपडे घालायचे याची यादी आदल्या दिवशी हाती. या तीन गोष्टींवरून मॉडेल स्टुडिओ ओळखतात. लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा स्टुडिओलाही लागू आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती हवी. त्याहून लहान स्टुडिओबाबतची तक्रार जिल्हा पातळीवरच्या स्थानिक समितीकडे करता येते. बहुतेक स्टुडिओ याच दुसऱ्या गटात मोडतात आणि ही समिती असते, हेच अनेक मॉडेल्सना माहीत नसते.

लहान मुलांच्या कपड्यांच्या जाहिराती हा मोठा बाजार आहे. जाहिरातीत काम करणाऱ्या मुलांसाठी बालकामगार कायद्याच्या २०१७ च्या नियमांत मर्यादा आहेत. दिवसाला पाच तासांहून अधिक काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून अधिक नाही, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आवश्यक आणि मुलाच्या कमाईतील किमान २० टक्के रक्कम त्याच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत. संमतिपत्रावर पालकांची सही लागते. बाळ रडायला लागले की दिवे बंद करायचे, हे मात्र कुठल्याच नियमात लिहावे लागू नये.

एआय मॉडेल आल्यावर हे सगळे कालबाह्य होणार का?

कामाचा एक भाग जाणार, हे मान्य करावे लागेल. पांढऱ्या भिंतीपुढे एकाच पोझमध्ये शंभर कुर्ते दाखवायचे काम यंत्र स्वस्तात करते. अमेरिकेतील ‘व्होग’च्या ऑगस्ट २०२५ च्या अंकात ‘गेस’ ब्रँडची जाहिरात होती, त्यातली तरुणी अस्तित्वातच नव्हती. वाचकांनी टीका केली, पण जाहिरात छापली गेलीच. साडीच्या पोताचा, जरीच्या चमकेचा खरा रंग दाखवायला आजही दिवे आणि डोळे लागतात. रंग चुकला की माल परत येतो आणि तो खर्च दुकानदाराच्या माथी बसतो. या कामाला लगेच धोका नाही.

कागदाचे महत्त्व मात्र एआयमुळे वाढले. स्वीडनच्या ‘एच अँड एम’ने मार्च २०२५ मध्ये ३० मॉडेल्सच्या डिजिटल प्रतिकृती तयार करण्याचे जाहीर केले. प्रतिकृतीवर हक्क मॉडेलचा आणि प्रत्येक वापराचे पैसे तिला, असे कंपनीने सांगितले. न्यूयॉर्क राज्यात १९ जून २०२५ पासून लागू झालेल्या कायद्यात मॉडेलची डिजिटल प्रतिकृती करायची तर स्वतंत्र लेखी संमती लागते. त्यात वापर कशासाठी, किती काळ आणि मोबदला किती, हे नमूद करावे लागते. आपल्याकडे अनिल कपूर यांना दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये आणि अरिजित सिंह यांना मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये अशा गैरवापराविरुद्ध संरक्षण दिले. पण ही नावाजलेली मंडळी आहेत. दिवसाच्या दरावर काम करणारी मॉडेल उच्च न्यायालयात जाऊ शकेलच असे नाही. तिच्या हाती संमतिपत्रातले एक वाक्य असते : ‘या छायाचित्रांचा वापर एआय प्रशिक्षणासाठी किंवा डिजिटल प्रतिकृती तयार करण्यासाठी करता येणार नाही.’ काही स्टुडिओ ते आता आपल्या छापील नमुन्यातच घालू लागले आहेत. जुन्या नमुन्यात ‘भविष्यात येणाऱ्या कोणत्याही माध्यमात’ असे शब्द असतात. सही करण्यापूर्वी तेवढ्या शब्दांवर काट मारता येते, त्यासाठी वकील लागत नाही.