कचऱ्याची पेटी आणि आपली प्रकृती

रुग्णाला आम्ही गोळ्या देतो, सलाईन लावतो. पण आजाराचे मूळ पुष्कळदा घरासमोरच्या गटारात आणि कोपऱ्यावरच्या उकिरड्यात असते. तिथे डॉक्टरांची चिठ्ठी चालत नाही, माणसांनाच एकत्र यावे लागते. अशी माणसे एकत्र आली म्हणजे काय घडते, याचे एक उदाहरण आज पाहू.

इंग्लंडमध्ये ‘कीप ब्रिटन टायडी’ म्हणजे ‘ब्रिटन नीटनेटके ठेवा’ नावाची धर्मादाय संस्था आहे. तिचा उगम सरकारी कचेरीत नव्हे, महिला मंडळांत झाला. १९५४ साली तेथील महिला मंडळांच्या राष्ट्रीय संघाने कचऱ्याविरुद्ध ठराव केला आणि त्यातून ही चळवळ उभी राहिली. १९५८ साली उघड्यावर कचरा टाकण्यास दंड ठरविणारा कायदाही झाला. पेटीत कचरा टाकणाऱ्या माणसाचे चित्र आपण बिस्किटाच्या पुड्यावर पाहतो ना? ते या संस्थेनेच तिकडे घरोघरी पोचविले. आपण मात्र चित्र पाहतो आणि पुडा रस्त्यावर टाकतो!

स्वच्छ समुद्रकिनाऱ्यांना मिळणाऱ्या ‘ब्लू फ्लॅग’ या निळ्या झेंड्याचे इंग्लंडमधील काम हीच संस्था पाहते. हा झेंडा नुसती वाळू झाडून मिळत नाही. पाणी प्रयोगशाळेत तपासतात. ‘ई. कोलाय’ आणि ‘एंटेरोकॉकाय’ हे जंतू माणसांच्या व जनावरांच्या आतड्यांतले. ते पाण्यात सापडले म्हणजे मैला मिसळला असे समजावे. १०० मिलिलिटर पाण्यात त्यांची मर्यादा अनुक्रमे २५० आणि १०० आहे. अशा दूषित पाण्यात डुंबल्याने जुलाब, कान वाहणे, डोळे येणे असे विकार होतात. २०२० साली भारतातील ८ किनाऱ्यांनाही हा झेंडा मिळाला. म्हणजे ही गोष्ट आपल्याला अशक्य नाही.

माझ्याकडे एक मधुमेही गृहस्थ आले होते. किनाऱ्यावर अनवाणी फिरताना फुटक्या बाटलीची काच तळव्यात रुतली. पायाची संवेदना गेलेली, त्यामुळे दोन दिवस कळलेच नाही. जखम चिघळली आणि शेवटी दोन बोटे काढावी लागली. बाटली फेकणाऱ्याला याचा पत्ताही नसेल.

म्हणून वाचकहो, एवढे तरी करा. फुटकी काच जाड कागदात गुंडाळून वेगळी द्या. करवंट्या, टायर, डबे यांत पाणी साचू देऊ नका. डेंग्यूचा डास आठ-दहा दिवसांत तिथेच तयार होतो. प्लास्टिक जाळू नका, त्याचा धूर दमेकऱ्याला बाधतो. मधुमेहींनी अनवाणी फिरू नये आणि रोज रात्री तळपाय तपासावेत. काच लागलीच तर जखम साबण-पाण्याने धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा व धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारा.

आपल्या गावातही महिला मंडळे आहेत. हळदीकुंकवाच्या पुढच्या बैठकीत एक ठराव करायला काय हरकत आहे?