मुलांच्या रक्षकांवर देखरेख

इंग्लंडांत पीडित मुलांच्या संरक्षणाचें काम स्थानिक कौन्सिलांकडे असतें, आणि तें नीट चालतें कीं नाहीं हें 'ऑफस्टेड' नांवाचें तपासणी खातें २००७ पासून पाहतें. तेथील शाळाही हेंच खातें तपासतें. इन्स्पेक्टर येणार म्हणजे काय, हें आमच्या बालवाचकांस सांगावयास नकोच!

परंतु तपासावयाचें काय? २००७ सालीं लंडनमधील हॅरिंगे कौन्सिलाच्या बालसेवेस या खात्यानें 'चांगली' ठरविलें. आधार मुख्यत्वें कौन्सिलानेंच पाठविलेल्या कागदांचा व आंकड्यांचा. त्याच वर्षीं ३ ऑगस्ट रोजीं तेथें पीटर नांवाचें सतरा महिन्यांचें बालक घरीं झालेल्या मारहाणीनें मरण पावलें होतें. त्याचें नांव कौन्सिलाच्या संरक्षण-यादींत होतें. मृत्यूपूर्वीं चारच दिवस कौन्सिलाची कार्यकर्ती त्यास पाहून गेली. त्या वेळीं तोंडास चॉकलेट फांसून जखमा लपविल्या होत्या. २००८ च्या अखेरीस प्रत्यक्ष जाऊन तपासणी झाली, तेव्हां तोच कारभार 'अपुरा' ठरला.

हल्लीं तपासनीस कौन्सिलांत बसून एकेका मुलाची फाईल वाचतात, ती सांभाळणाऱ्यास प्रश्न विचारतात, मुलांशीं व पालकांशींही बोलतात. आंकडे अजून मागविले जातातच, व ते टाकून द्यावे असें आम्ही म्हणत नाहीं. किती मुलांची भेट लांबणीवर पडली, हें त्यांवांचून कळणार कसें?