पाण्यांत उभें, पण उपाशी

आषाढाच्या अखेरीस आम्ही मिरजोळ्यास एका वडीलधाऱ्या आप्तांकडे गेलों होतों. रत्नागिरी शहराला लागून असलेल्या या गांवीं आज औद्योगिक वसाहत आहे. तथापि काकांनीं आपलीं भातखाचरें सोडलेलीं नाहींत. लावणीला तीन आठवडे झाले होते, खाचरांत पाणी तुडुंब होतें, आणि तरीही रोपांचीं खालचीं पानें पिवळीं पडलीं होतीं. काका खिन्नपणें म्हणाले, “अरे, पाण्याला का इथें तोटा आहे? गेल्या आठवड्यांत भर पावसांत युरियाही फेंकला. घरचे वर्षाचे तांदूळ यांतून निघायचे, आणि हें बघ!”

काकांचा प्रश्न पुष्कळांचा आहे. पीक पाण्यावरच पोसतें, ही समजूत फार जुनी. ब्रुसेल्सच्या व्हान हेल्मोंट यांनीं 200 पौंड मातींत 5 पौंडांचें वाळुंजाचें रोप लाविलें व पांच वर्षें केवळ पाणी घातलें. झाड 169 पौंडांचें झालें. माती मात्र सुमारें 2 औंसच घटली. अर्थात् झाड पाण्याचेंच बनतें, असा त्यांनीं निष्कर्ष काढिला. तो 1648 सालीं प्रसिद्ध झाला. हवेंतील कर्बवायूपासून पानें अन्न घडवितात, हें त्यांस ठाऊक नव्हतें. आणि ज्या दोन औंसांची त्यांनीं उपेक्षा केली, त्यांतच मातींतील क्षार होते. त्यांच्यावांचून तें झाड वाढलेंच नसतें.

वनस्पतीचें पिणें व खाणें या दोन निराळ्या क्रिया आहेत. पानांच्या सूक्ष्म छिद्रांतून बाष्प बाहेर पडतें व त्याच्या ओढीनें मुळापासून शेंड्यापर्यंत पाणी वर खेंचलें जातें. शोषलेल्या पाण्यापैकीं शेंकडा पंचाण्णवांहून अधिक असें उडून जातें. या कामीं रोपास फारसे श्रम नाहींत. क्षारांचें तसें नाहीं. मुळांच्या पेशींस ते निवडून, शक्ति खर्चून आंत घ्यावे लागतात. आणि त्या शक्तीसाठीं प्राणवायु हवा. चिखलांत तो नसतो. म्हणून भाताच्या देठांत व मुळांत पोकळ नळ्या असतात. त्यांतून वरची हवा खालीं पोंचते. काकांनीं एक रोप उपटलें, तेव्हां मुळांवर तांबूस लेप दिसला. मुळांतून झिरपलेल्या प्राणवायूनें जांभ्याच्या मातींतील लोहास चढलेला तो गंज होता. म्हणजे मुळें आपलें काम करीत होतीं. त्यांच्यापुढें वाढलेलें अन्न मात्र नाहींसें झालें होतें.

तें गेलें कोठें? युरिया सांचलेल्या पाण्यावर फेंकला असतां त्यांतील नत्राचा कांहीं भाग अमोनिया होऊन हवेंत उडतो, कांहीं बांधावरून वाहणाऱ्या पाण्याबरोबर जातो, व कांहीं चिखलांत वायुरूप होऊन निसटतो. जो पाऊस रोपास पाणी देतो, तोच त्याच्यापुढचें ताट उचलून नेतो. मग रोप जुन्या पानांतील नत्र काढून कोंवळ्या पानांस पुरवितें. म्हणून खालचींच पानें आधीं पिवळीं होतात.

यावर उपाय म्हणून कोंकणांत ‘चारसूत्री’ पद्धत प्रचारांत आली आहे. भाताच्या तुसाची राख रोपवाटिकेंत मिसळावी. बांधावरील गिरिपुष्पाचा पाला चिखलणीच्या वेळीं गाडावा. रोपें 15 व 25 सेंटिमीटर अंतरांनीं आलटून पालटून लावावीं. आणि युरिया व डीएपी दाबून केलेली 2.7 ग्रॅमची गोळी, दर चार चुडांच्या मध्यें एक याप्रमाणें, 7 ते 10 सेंटिमीटर खोल खोंचावी. खोल चिखलांत नत्र मातीस धरून राहतें व रोपास हळूहळू मिळत जातें.

हें सारें ऐकून काका म्हणाले, “गोळ्या खोंचायला माणसें कुठून आणूं? मुलें मुंबईस.” अडचण खरी आहे, आणि ती एकट्या काकांची नाहीं. तेव्हां आम्हीं सुचविलें कीं, पुढील वर्षीं एकच खाचर या रीतीनें लावून पाहावें. तेवढ्यास घरचे हात पुरतील. यंदा मात्र पावसानें उघडीप दिली कीं पाणी उतरवावें, थोडा युरिया चिखलावरच द्यावा, आणि मग बांध नीट बंद करून पाणी पुन्हा सांचूं द्यावें.

सायंकाळीं आम्ही निघालों, तेव्हां काका बांधावर गिरिपुष्पाच्या फांद्या रोवीत होते.